प्रकरण सतरावे: नदीपलीकडचा संघ

लोरेन कॅम्पवर पोचली तेव्हा तिचे वडील खड्ड्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि कुणाला जवळ फिरकू देत नव्हते. आदल्या दिवशी त्यांनी त्या खड्ड्यात मेपलची लाकडं पेटवली होती, रसरशीत निखारे झाल्यावर घेवड्याने भरलेला बिडाचा हंडा आत सोडला होता आणि वरून माती लोटली होती. आता त्या मातीतून काकवीचा आणि खारवलेल्या चरबीचा वास झिरपायला लागला होता. तळ्यावरचा बर्फ आठवड्यापूर्वीच फुटला होता. दरवर्षीप्रमाणे बर्फ फुटल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी थेरियो मंडळी तळ्याकाठचं हे लाकडी घर, त्यांच्या भाषेत कॅम्प, हिवाळ्यानंतर उघडायला जमली होती आणि भुकेने उगाच इकडून तिकडे करत होती.

"उकरू का?" जेरारने विचारलं. लोरेनचा हा धाकटा भाऊ मघापासून फावडं घेऊनच उभा होता.

"मी सांगेन तेव्हा," रेआल म्हणाले.

"गेल्या वर्षी तुम्ही सांगेपर्यंत आत लापशी झाली होती, पापा."

"गेल्या वर्षी ढग होते."

ढगांचा आणि जमिनीखालच्या घेवड्याचा संबंध काय, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. रेआल थेरियो अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. बर्फावरच्या हॉकीच्या सेंट ओदिल कॉलेजच्या पहिल्यावहिल्या संघात ते खेळले होते, पुढे गावातल्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं, आणि आपलं चुकलं असं त्यांनी आजवर एकदाच कबूल केलं होतं. तेही एका बोटीच्या प्रकरणात, बोट बुडाल्यावर.

लोरेनने गाडीच्या मागच्या सीटवरची पिशवी तिथेच राहू दिली. तीत सेंट ओदिलची निळी जर्सी होती, गोलरक्षकाची, पाठीवर ‘थेरियो’ लिहिलेली. जेवणं झाली की सगळ्यांसमोर ती कमीलला द्यायची असं तिने ठरवलं होतं. कमील म्हणजे जेरारची मुलगी, वय अठरा. गावातल्या बर्फाच्या रिंकवर तिच्यासारखी गोलरक्षक कित्येक वर्षांत झाली नव्हती. ती सेंट ओदिललाच जाणार, हे ठरलेलंच होतं. कुणी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. आजोबा तिथे खेळले, वडील तिथे खेळले, आत्या तिथे खेळली आणि आता तिथल्याच मुलींच्या संघाची प्रशिक्षक होती. विचारायचं काय त्यात.

आज मात्र काहीतरी बिनसलेलं होतं. लोरेन कमीलपाशी गेली की लोरेनची आई ओरोर स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारायची. "कमील, पाणी आण." "कमील, लाकडं आण." पुढची हाक "कमील, मीठ आण" अशी आली, तेव्हा मिठाची बरणी ओरोरच्या हातातच होती.

लोरेन खिडकीपाशी गेली. "मामाँ, चाललंय काय?"

"कुठे काय. पोरगी आळशी होत चाललीये."

"ती? अंधारात उठून रिंकवर जाते ती."

"म्हणूनच. मग दिवसभर नुसती बसून असते." ओरोरने उमेदीची सगळी वर्षं बुटांच्या कारखान्यात चामडं शिवण्यात घालवली होती. तिला खोटं बोलता येत नसे, पण विषय बदलता येत असे. "तूच बारीक झालीयेस. त्या कॉलेजात खायला देतात की नाही?"

बारीक झाली होती हे खरं होतं. राज्याने आपल्या रहिवाशांसाठी सरकारी कॉलेजांची फी माफ केली त्याला दोन वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात सेंट ओदिलच्या वसतिगृहाचा वरचा मजला कुलूपबंद झाला होता. लोकांना वाटतं, असल्या लहान खाजगी कॉलेजात संघ म्हणजे हौस. प्रत्यक्षात तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. उलट खेळायला मिळतं म्हणून मुलं फी भरून येतात, आणि त्या फीवर कॉलेज चालतं. बर्फावर वीसएक जणी पुरतात, पण वरच्यांच्या सांगण्यावरून लोरेन दरवर्षी तीस-तीस जणी गोळा करायची. उरलेल्या चार वर्षं बाक गरम करून पदवी घेऊन जायच्या. आता बाक गरम करायला पैसे भरायची गरज कुणाला नव्हती. त्या सगळ्या नदीपलीकडच्या सरकारी कॉलेजात गेल्या होत्या.

त्याचं लोरेनला फारसं वाईट वाटलं नव्हतं. मागे राहिल्या त्या खरंच खेळणाऱ्या होत्या. खरं दुखणं वेगळं होतं आणि ते तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आसपासच्या लहान कॉलेजांनी एकामागून एक मुलींची हॉकी बंद केली होती. एक कॉलेज तर आख्खंच बंद पडलं होतं. तिच्याकडे संघ होता, पण समोर उभं राहायला कुणी नव्हतं. मंगळवारी प्राचार्यांनी तिला बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं होतं, की महिन्याभरात पुढच्या हिवाळ्याचे पुरेसे सामने ठरले नाहीत, तर संघाला एक वर्ष विश्रांती देऊ. त्या कॉलेजात विश्रांतीला गेलेली गोष्ट परत उठलेली लोरेनने पाहिली नव्हती. पोहण्याचा तलाव पाच वर्षं विश्रांती घेत होता आणि त्यात आता खुर्च्या रचलेल्या होत्या.

"मातांत, तुझ्या गाडीत पाव आहेत का? मेमेरने मागितलेत." कमील आत्याला मातांत म्हणे, आणि आजीआजोबांना मेमेर-पेपेर. पिढ्यांपूर्वी गिरणीकामाला आलेल्या त्या घरात फ्रेंच आता एवढंच उरलं होतं, आणि शिव्या.

"मागे आहेत बघ," लोरेन बोलून गेली आणि मग तिला पिशवी आठवली. ती गाडीपाशी पोचेपर्यंत कमील दार उघडून उभी होती. पिशवीतून निळी बाही बाहेर आली होती.

"जेवणानंतर द्यायची होती," लोरेन म्हणाली. "आता पाहिलीच आहेस तर घालून बघ. हातमोजा चढवताना बाही अडकायला नको."

कमीलने जर्सीला हात लावला नाही. "मातांत, मी पलीकडे जातेय."

"तळ्याच्या?"

"नदीच्या."

लोरेनला समजायला क्षणभर लागला. नदी गावाच्या मधोमध होती. अलीकडे चर्च, जुन्या गिरण्या आणि सेंट ओदिल. पलीकडे टेकडीवर सरकारी कॉलेज. थेरियोंपैकी कुणी आजवर तो पूल ओलांडून शिकायला गेलं नव्हतं.

"कधी ठरलं हे?"

"मार्चमध्ये."

"आणि मला एप्रिल संपता संपता सांगतेस."

"सांगणार होते. पण तू भेटलीस की लगेच पुढच्या वर्षीच्या संघाबद्दल बोलायला लागायचीस, आणि त्यात मी आधीच असायचे."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"आईबाबांना. मेमेरला. तिनेच मला तिथे दाखवायला नेलं होतं."

"आणि पेपेरना?"

"मेमेर म्हणाली, घेवडा खाऊन होईपर्यंत थांब. रिकाम्या पोटी त्यांच्याशी कुठलंही बोलणं करायचं नाही म्हणाली."

लोरेनला रागवायचं होतं, पण राग नक्की कशाचा हे तिला पकडता येईना. या मुलीला तिने चार वर्षांची असताना बर्फावर उभं केलं होतं. "का?" तिने विचारलं. "मी जमवलं असतं काहीतरी. कॉलेज थोडी सूट देतं."

"थोडी." कमीलने दाराच्या कडेवरचा चिखल नखाने खरवडला. "बाकीची भरायला आई आणखी चार वर्षं शाळेची बस चालवेल. तिला स्वतःला शिकायचंय, मातांत. मोठा दादा पोटात होता तेव्हापासून ती थांबलीये. माझं फुकटात झालं तर तिला या वर्षीच जाता येईल. हे तिला मी सांगितलेलं नाही. तिला वाटतं मला तिथला जीवशास्त्राचा विभाग आवडला."

लोरेनने पिशवीचं तोंड बांधलं. 

खड्ड्याकडून रेआलचा आवाज आला. "आता. उकरा."

जेरारने माती बाजूला केली, चुलतभावाने आकडा लावला आणि हंडा वर आला तशी बायकापोरांसकट सगळी भोवती गोळा झाली. रेआलनी झाकण उघडलं, लांब दांड्याचा चमचा आत घातला, एक दाणा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. कुणी श्वास घेतला नाही.

"लापशी नाही," त्यांनी निकाल दिला.

लांब टेबलं बाहेरच मांडली होती. ऊन होतं, पण झाडांखाली अजून बर्फाचे ढिगारे होते, त्यामुळे सगळे जाकिटं घालूनच जेवायला बसले. घेवडा, तपकिरी पाव, कोबीची कोशिंबीर, लालभडक सॉसेज. लोरेनच्या समोर तिची भावजय डेनीस बसली होती. त्रेचाळीस वर्षांची, रुंद खांद्यांची, दर मंगळवारी बायकांच्या हौशी संघात बचावाला खेळणारी. शाळेत असताना दोघी एकाच संघात होत्या. डेनीस आज लोरेनच्या नजरेला नजर देत नव्हती.

रेआलनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "लोरेन, ती गाडीतली पिशवी आण."

"कुठली पिशवी?"

"मला काय दिसत नाही की काय. निळी जर्सी आहे त्यात. आण, सगळे बसलेत तोवर देऊन टाकू. मला दोन शब्द बोलायचेत."

ओरोरने पावाची टोपली त्यांच्याकडे सरकवली. "आधी खा."

"खाल्लं."

"आणखी खा."

जेरार सॉसेजकडे असं पाहू लागला, जणू ते आता काही बोलणार आहे. लोरेन जागची हलली नाही. एक शब्द तिने बोलायचा अवकाश, सगळं टेबल त्या मुलीवर तुटून पडलं असतं आणि कदाचित जर्सी तिच्या अंगावर चढलीही असती. लोरेनला गोलरक्षक हवी होती. मागे उरलेली दुसरी गोलरक्षक शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यातली एक लाजरी मुलगी होती. ती गोल अडवला तरी समोरच्या मुलीची माफी मागायची. लोरेनने पाण्याचा ग्लास उचलून तोंडाला लावला.

"पेपेर," कमील म्हणाली, "मी सेंट ओदिलला जात नाहीये. पलीकडे जातेय."

रेआलनी हातातला पाव ताटलीत ठेवला.

"पलीकडे काय आहे?" रेआलनी विचारलं.

"कॉलेज आहे."

"आणि हॉकी?"

"तीही आहे. पुढच्या हिवाळ्यापासून."

"पलीकडे संघबिंघ काही नाही. मला माहीत आहे. संध्याकाळी चार पोरी जमून बर्फावर चकरा मारतात, त्याला संघ म्हणत नाहीत."

"दोन वर्षांपूर्वी तसंच होतं, पापा," डेनीस म्हणाली. "पण आता एवढ्या मुली आल्यात तिथे, की कॉलेजने खरा संघ करायचं ठरवलंय. दुसऱ्या कॉलेजांविरुद्ध खेळणारा."

"तुला कसं माहीत?"

"मी आहे त्यात."

जेरारने काटा खाली ठेवला. "तू कशात आहेस?"

"संघात. बचावाला."

"तू मला म्हणालीस वर्गात बसणार. शिक्षिका होणार म्हणालीस. बर्फावर उतरणार हे नाही म्हणालीस."

"तू विचारलं नाहीस."

"विचारू कसं? कुठला नवरा बायकोला विचारतो, की शिकायला जातेस तर हॉकी पण खेळणार का?"

टेबलाच्या टोकाला कुणीतरी फसकन हसलं. लोरेनने हसू दाबलं आणि मग तिच्या लक्षात आलं की तिला हसू आलंय. "वयाचं काय?" तिने डेनीसला विचारलं.

"वयाची अट नाही. जो कधी कॉलेजात गेलाच नाही त्याची चारही वर्षं शिल्लक असतात. तूच सांगायचीस ना तुझ्या मुलींना, की वर्षं जपून वापरा म्हणून? मी फार जपली."

रेआल मात्र हसले नाहीत. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "माझे वडील त्या टेकडीवर झाडू मारायची नोकरी मागायला गेले होते. त्यांचं इंग्रजी ऐकून लोकांनी दारातून परत पाठवलं. मग पाद्र्यांनी गिरणीतल्या माणसांकडून आठवड्याला नाणं-नाणं जमवून सेंट ओदिल बांधलं. मी शिकलो तो त्याच्यामुळे. त्या लोकांना आपण नको होतो. आणि आज त्यांनी दार उघडलं की आपण लगेच धावत सुटायचं?"

लोरेनला ही गोष्ट लहानपणापासून पाठ होती. तिच्या कॉलेजला वाचवायला ही गोष्ट पुरेशी का पडत नव्हती, कोण जाणे.

"आणि मी?" ओरोर म्हणाली.

"तू काय?"

"सेंट ओदिलमध्ये मुली घ्यायला लागले तोवर माझ्या काखेला एक होतं आणि पोटात एक. मला पलीकडच्यांनी घेतलं नाही आणि अलीकडच्यांनीही नाही, रेआल. म्हणून कोण कुठल्या काठावर जातं याचा मला ना अभिमान ना दुःख. डेनीस जातेय ना? मग झालं. मीच सांगितलं तिला, जा."

लग्नाला पंचावन्न वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं, हे रेआलच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते उठले, जाकिटाच्या खिशातून शिट्टी काढली आणि गळ्यात घातली.

"उजेड आहे तोवर खेळायचं असेल तर चला," ते म्हणाले आणि रस्त्याकडे चालू लागले.

घेवड्यानंतरचा सामना चुकवायचा नाही, हा नियम कुठल्याही भांडणापेक्षा जुना होता. घरामागच्या खडीच्या रस्त्यावर दोन जाळ्या ठेवायच्या, बर्फाऐवजी माती, चकतीऐवजी नारिंगी चेंडू, आणि पंच रेआल. एरवी विवाहित विरुद्ध बिनलग्नाचे असा सामना व्हायचा. आज डेनीसने स्टिक खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "आज अलीकडचे आणि पलीकडचे."

चुलतभावंडं वाटली गेली. कमील एका जाळीत उभी राहिली. जेरार मधोमध घुटमळत राहिला.

"तू कुठला?" लोरेनने त्याला विचारलं.

"पदवी तुझ्याकडची, पण घरी मला या दोघींबरोबर जायचंय."

"हा सामना आहे, जेरार. संसार नाही."

"बोलायला सोपं आहे तुला. तू एकटी राहतेस." पण तो लोरेनच्या बाजूला येऊन उभा राहिला. पहिल्याच धडकेत डेनीसने त्याच्या स्टिकवरून चेंडू असा काढला, की तो अर्धा गोल फिरून बायकोच्या मागे नुसता धावत सुटला.

रेआल मोठ्याने गुण सांगत होते. लोरेनने एक गोल केला तेव्हा ते म्हणाले, "सेंट ओदिल एक, बाकीचे शून्य." डेनीसने फेडला तेव्हा म्हणाले, "सेंट ओदिल एक, बाकीचे एक." कमीलने एकदा पायाच्या अंगठ्याने, एकदा छातीने आणि एकदा जमिनीवर आडवं पडून चेंडू अडवला. आजोबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. ओरोर रस्त्याच्या कडेला घोंगडी गुंडाळून बसली होती. ती म्हणाली, "बाकीच्यांना काही नाव आहे, रेआल." त्यांनी ऐकू न आल्याचं दाखवलं.

मग लोरेनचा एक फटका जाळीवरून गेला आणि चेंडू उताराच्या झुडपांत नाहीसा झाला.

"मारणाऱ्याने आणायचा," कमील म्हणाली, आणि स्वतःही आत्यामागे उतरली.

झुडपांत गुडघाभर शिळा बर्फ होता. दोघी स्टिकने फांद्या बाजूला करत राहिल्या.

"सांगायला उशीर केला," कमील म्हणाली. "माझं चुकलंच ते."

"माझंही काही बरोबर नव्हतं. मला गोलरक्षक हवी होती. तुला काय हवंय हे मी एकदा विचारायला हवं होतं." लोरेनने फांदी उचलली. खाली चेंडू नव्हता. "तुमची प्रशिक्षक कोण आहे?"

"हॅथॉर्न बाई. निवृत्त आहेत. गवतावरची हॉकी शिकवायच्या. फार चांगल्या आहेत, पण आम्हाला बर्फावर ‘पळा’ म्हणतात."

लोरेन हसली. "शिकतील. आणि सामने कुणाकुणाशी?"

कमील वळून बर्फात स्टिक खुपसू लागली. "कुणाशीच नाही."

"म्हणजे?"

"कुणी देतच नाही. मोठी सरकारी कॉलेजं म्हणतात तुम्ही फार नवीन, दोन वर्षांनी फोन करा. लांबची म्हणतात तुमच्यासाठी बस कोण काढणार. हॅथॉर्न बाई रोज फोन करतात. नुसता सराव करायचा म्हणजे पुन्हा चकराच मारायच्या. पेपेर बरोबरच बोलतात." तिने नाक ओढलं. "हे तुला सांगणार नव्हते. तू म्हणाली असतीस, बघ, माझ्याकडे आली असतीस तर."

लोरेन जागच्या जागी उभी राहिली. बर्फाचं पाणी तिच्या बुटात शिरत होतं.

"कमील, आम्हालाही कुणी नाही."

"काय कुणी नाही?"

"खेळायला. शेजारचे सगळे बंद पडलेत. या महिन्याभरात सामने जमले नाहीत तर माझा संघ बंद. मंगळवारीच सांगितलंय मला. आणि मी पण हे कुणाला सांगणार नव्हते."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. वरून जेरार ओरडला, की चेंडू सापडत नसेल तर नवा आणतो, एवढं काय. 

"आपलं रिंक एकच आहे," कमील हळूच म्हणाली.

"बसच लागत नाही," लोरेन म्हणाली. "पूल चालत ओलांडला तरी चालतं. डिसेंबरमध्ये एक, मग नाताळानंतर, मग फेब्रुवारीत. वर्षातून चार वेळाही खेळू शकतो. तेवढ्याने माझं वेळापत्रक भरत नाही, पण प्राचार्यांपुढे ठेवायला काहीतरी होतं. आणि तुमच्याशी कुणी एक खेळलं, की दुसरे नाही म्हणायला लाजतात." ती बोलता बोलताच खिशातून फोन काढत होती. "नंबर दे तुझ्या बाईंचा."

"आत्ता?"

"मग काय, दोन वर्षांनी?"

हॅथॉर्न बाई बागेत होत्या. कोण बोलतंय हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग त्या इतका वेळ गप्प राहिल्या की लोरेनला वाटलं फोन तुटला. "सेंट ओदिल?" त्या अखेर म्हणाल्या. "आमच्याशी? अहो, कुठलीही तारीख सांगा. मी तर म्हणते आजच."

"आज घेवडा आहे," लोरेन म्हणाली. "डिसेंबरचा पहिला शनिवार."

चेंडू जेरारलाच सापडला, भलत्याच झाडाखाली. तो घेऊन तिघं रस्त्यावर आली तेव्हा लोरेनने सगळं सगळ्यांना सांगितलं. प्राचार्यांचं, बंद पडलेल्या संघांचं, हॅथॉर्न बाईंचं. आईने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. म्हणजे बारीक का झालीस ते आता कळलं. डेनीस जवळ आली. तिने लोरेनच्या बुटातला बर्फ पाहिला आणि स्वतःचा कोरडा मोजा काढून तिला दिला.

"एकच मोजा," लोरेन म्हणाली. "याने काय होणार?"

"एक पाय तरी माझ्यामागे धावेल."

"डिसेंबरमध्ये तुला रडवणार आहे मी."

"रडव. मला शाळेची बस चालवायची सवय आहे. रोज चाळीस पोरं प्रयत्न करतात."

जेरारने विचारलं की त्या दिवशी त्याने नक्की कुठल्या बाजूला बसायचं. ओरोर म्हणाली की ती शिक्षा झालेल्या खेळाडूंच्या बाकावर बसणार, कारण सगळ्या रिंकमध्ये हीटर तेवढ्या एकाच जागी आहे. रेआलनी चेंडू घेतला, मधोमध ठेवला आणि शिट्टी वाजवली.

आता सामना वेगळाच झाला. लोरेन जन्मात कमीलविरुद्ध जीव तोडून खेळली नव्हती. तिने डावीकडून हुलकावणी दिली, चुलतभावाला मागे टाकलं, आणि समोर फक्त भाची उरली. कमीलचं वजन उजव्या पायावर जास्त होतं. हे लोरेनला माहीत होतं, कारण ती सवय मोडायला तिनेच दोन हिवाळे घालवले होते. तिने स्टिक मागे नेली, तेवढ्यात बाजूने डेनीस आली. चेंडूला तिची स्टिक लागली की नाही देव जाणे, खांदा मात्र पुरता लागला. लोरेन रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात कमरेपर्यंत जाऊन बसली.

शिट्टी वाजली. लांब, करकरीत, शाळेतली सगळी पोरं ज्या शिट्टीने जागच्या जागी थिजायची तशी.

रेआल चालत आले. त्यांनी आधी लोरेनकडे पाहिलं. ती हसते आहे याची खात्री करून घेतली. मग ताठ उभे राहिले, एक हात वर केला आणि दुसऱ्याने डेनीसकडे बोट दाखवलं.

"धक्का मारला. दोन मिनिटं बाहेर," ते म्हणाले. थोडं थांबले. "पलीकडच्या कॉलेजला."

पंचावन्न वर्षं त्या माणसाबरोबर काढलेल्या बाईने घोंगडी सावरली आणि तळ्याकडे तोंड फिरवलं.

डेनीसने वाद घातला नाही. तिने स्टिक उचलली आणि पालथ्या घातलेल्या होडीवर जाऊन बसली. मान इतकी ताठ होती, की बघणाऱ्याला वाटलं असतं तिला बक्षीसच मिळालंय. जेरार धावत तिच्याशेजारी जाऊन बसला.

"तुला कुणी शिक्षा केलीये का?" रेआलनी त्याला विचारलं.

"नाही."

"मग ऊठ. सेंट ओदिलला माणूस कमी पडतंय."